अर्धी बरणी तूप

वहिनी, बरणी अर्धीच कशी?

तुमच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सुरेश आमच्या धरमपेठेतल्या घरी आला, स्कूटरवर, पायांच्या मध्ये गोणपाटात गुंडाळलेली ती चिनीमातीची बरणी दाबून धरलेली. डोकं भादरलेलं, त्यामुळे दारात तो क्षणभर तुमचा लेक न वाटता आपल्या मामंजींसारखाच दिसला. "आईनं नंदासाठी ठेवली होती, काकू. बाळंतपणाची. मले सांगून ठेवलं होतं, सुमनच्याच हातात देजो म्हणून." मी फडकं सोडलं, झाकण काढलं. म्हशीचं पांढरं रवाळ तूप, कढवताना टाकलेल्या विड्याच्या पानाचा वास अजून होता. आणि बरणी निम्मीच भरलेली. रस्त्यात सांडलं का रे, असं मी सुरेशला विचारलं. तो नाही म्हणाला.

तुम्ही आणि अर्धी बरणी! ताक मागायला आलेल्या बाईचा लोटासुद्धा तुम्ही काठोकाठ भरल्याशिवाय परत दिला नाही. "आधं भांडं देऊ नाही वं, देणाऱ्याचा हात आखडते," असं म्हणायचात. आणि रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलंत. म्हणून ही बरणी तुमच्या गावाहून, बेस्याहून तुपानं भरून यायची आणि धरमपेठेतून कशाकशानं भरून जायची. गूळ, शेंगदाणे, फुटाणे, आणि एकदा महिनाअखेरीला घरात काहीच नव्हतं तर नुसती मूठभर साखर. त्या साखरेवरून तुम्ही मला वर्षभर चिडवलंत. मग एके वर्षी बरणी यायचीच बंद झाली. ती का बंद झाली ते मला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. आता तुम्ही गेलात आणि बरणी आली, तीही अर्धी, आणि मला कशातलं काहीच कळेनासं झालं आहे.

लोक भेटायला येतात, सांत्वन करतात. मी मान हलवते, पण खरं सांगू का, मी रडते आहे कमी आणि कोडं सोडवते आहे जास्त. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "शिकेल-सवरेल बाई रडते बी तर हिसाब करून."

मी या घरात धाकटी सून म्हणून आले ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन. तुम्ही थोरल्या, गोठ्याच्या मालकीण. भाऊजी शेती आणि म्हशी बघत बेस्याला राहिले, आमच्या ह्यांची कचेरीत नोकरी म्हणून आम्ही धरमपेठेत दोन खोल्यांत. पहिल्या दिवाळीला तुम्ही मला विचारलंत, "कॉलेजात काय शिकली तू?" मी म्हटलं, रसायनं. "म्हणजे लोणचं-मुरंबा?" मी मोठ्या गंभीरपणे समजावून सांगायला लागले. तुम्ही पदर तोंडाशी धरून ऐकत होतात. तुम्ही हसू दाबत होतात हे मला रात्री ह्यांनी सांगितल्यावर कळलं.

नंदा झाली आणि मला टायफॉइडनं धरलं. ताप उतरेना, दूध आटलं, डब्याचं दूध पोरीच्या पोटात ठरेना. ती दिवसागणिक वाळत चालली होती आणि मला तिच्याकडे मान वळवून बघण्याचीही ताकद नव्हती. तुमचा सुरेश तेव्हा अंगावर पीत होता, तुमचं पहिलंच मूल. तुम्ही रिक्षातून उतरलात, चपला काढल्यात, कोणाला काही विचारलं नाहीत, नंदाला उचललंत आणि भिंतीकडे तोंड करून बसलात. ह्यांना कुठे बघावं ते कळेना. तुम्ही मागं न बघताच म्हणालात, "लाजता काहून भाऊजी? दोन थानं, दोन पोट्टे. हिसाब बराबर." तुम्ही तिला बेस्याला घेऊन गेलात. मी उठून चालायला लागले तोवर पोरीच्या मांडीला वळ्या पडल्या होत्या, आणि मी घेतल्यावर ती भोकाड पसरून तुमच्याकडे झेपावली होती. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. तुमच्या ते लक्षात आलं आणि तुम्ही काहीतरी काम काढून गोठ्यात निघून गेलात.

तोच गोठा आता माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा डीडीटीची पांढरी पावडर घरोघर होती. हिवतापाची फवारणी करणारी माणसं यायची, भिंतींवर औषध मारून जायची, ढेकूण-डास मरायचे आणि आपण सगळे खूश. तुम्ही तीच पावडर जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून तिची पुरचुंडी करायचात आणि म्हशींच्या पाठीवर, मानेखाली, आचळांच्या आजूबाजूला ठपठप आपटायचात. गोचीड टपाटप गळायचे. पांढरा धुरळा उडायचा, तुमच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. "पाय, कशा सजल्या माह्या नवऱ्या!" असं म्हणत तुम्ही हसायचात. मग लुगड्याला हात पुसून, पिढ्यावर टेकून, एका मांडीवर सुरेश आणि एका मांडीवर नंदा. मी तापातून उठलेली, खाटेवर बसून हे बघायची. इतकं सुखाचं दृश्य मी आयुष्यात फार कमी पाहिलं आहे.

मला प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा नंदा शाळेत जात होती. काम तूप-दुधाचे नमुने तपासायचं. पुढे तिथं एक नवं यंत्र आलं. नमुन्यातला स्निग्धांश औषधात विरघळवायचा, गाळायचा, त्याचा एक थेंब यंत्रात सोडायचा, की कागदावर लेखणी आपोआप रेघ काढत जाते. काही सापडलं की रेघ टेकडीसारखी वर चढते. एके दिवशी हौसेनं मी घरचं, म्हणजे तुमचंच तूप नेलं. शुद्ध तूप कसं दिसतं ते सोबतच्यांना दाखवावं म्हणून. कागदावर डीडीटी जिथे उमटतं त्या जागी लेखणी वर चढली ती कागदाच्या टोकापर्यंत गेली. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग बाजारचं तूप घातलं, शेजारणीकडचं लोणी घातलं. कोणाची टेकडी मोठी, कोणाची लहान, पण टेकडी नाही असा कागद काही निघाला नाही.

तो रविवार मला शब्दन् शब्द आठवतो. दुपारची वेळ, तुम्ही ओसरीवर सरकी निवडत होतात. मी सांगायला आले होते की म्हशींना पावडर लावू नका. तुम्ही म्हणालात, "पाठीले लावते मी, तोंडात नाई घालत. दुधात कशी जाईन?"

मी चुलीपाशी गेले, दोन वाट्या घेतल्या. एकीत पाणी, एकीत कोमट तेल, दोन्हींत चिमूटभर हळद. पाण्यातली हळद तळाला बसली. तेलाला रंग चढला. म्हटलं, ही पावडरही अशीच. पाण्यात मिसळत नाही, तेला-तुपात विरघळते. म्हैस अंग चाटते, कातडीतूनही थोडी आत जाते, आणि एकदा आत गेली की चरबी शोधत फिरते. म्हशीच्या अंगात सगळ्यांत मऊ, ताजी चरबी कुठे असते? दुधात. दुधातून सायीत, सायीतून लोण्यात. ताकात जवळजवळ काही उरत नाही, तुपात सगळं गोळा होतं.

तुम्ही वाट्यांकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "हाव. लोण्यापाशी कांदा ठेवला तर लोण्याले वास लागते, ताकाले नाई लागत." मला इतका आनंद झाला! माझ्या सोबतच्या साहेबांना जे समजवायला मला अर्धा दिवस लागायचा ते तुम्ही कांद्यावर आणून ठेवलंत. आनंदाच्या भरात मी बोलतच सुटले. माणसाच्या पोटात तूप गेलं की तुपाबरोबर तीही पचते, आतड्यातून एका पांढुरक्या वाटेनं रक्तात जाते, आणि रक्तातून जिथे जिथे आपली चरबी आहे तिथे जाऊन बसते. लघवीवाटे जायचं तर पाण्यात विरघळायला हवं, ते तिला जमत नाही. यकृत तिला थोडं फिरवून दुसरं रूप देतं, पण तेही चरबीतच जाऊन बसतं. वर्षानुवर्षं.

"म्हणजे पाहुना आला अन् जायचं नाव नाई," तुम्ही म्हणालात.

"तसंच."

"मंग पावडर बंद करतो. गोचीड हातानं काढीन, रॉकेलाच्या वाटीत टाकीन. माही आजी तशीच काढे. झालं?"

इथे मी थांबायला हवं होतं की नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही. तुमच्या हातात सरकी होती. मी म्हटलं, नुसत्या पावडरीनं भागत नाही वहिनी. कपाशीवर केवढी फवारणी होते, ती सरकीत असते, सरकीच्या पेंडीच्या ढेपेत असते. म्हशीला सरकी खाऊ घातली की पुन्हा तेच.

तुम्ही सूप खाली ठेवलंत. "बह्याड झाली का वं तू? सरकी नाई चारली तर दुधाले फॅट लागते का? गिऱ्हाइक दूध घेईन का माह्याजवळचं? पावडर नको, सरकी नको, ढेप नको. मंग म्हशीले चारू काय? हवा?"

मी वाट्या उचलायला लागले.

बरं, इथवर आपलं नेहमीसारखंच भांडण चाललं होतं. अशी शंभर भांडणं आपण भांडलो असू. कुकरचा भात चांगला की पातेल्यातला, नंदाला सायकल द्यावी की नाही, पावसाळ्यात वांगी खावी की नाही. पण तुम्ही अचानक आवाज खाली आणून विचारलंत, "बाईच्या अंगातून निघते का थे कधी?"

मी खरं ते सांगितलं. थोडं थोडं निघतं, पण मोठी वाट एकच. अंगावर पाजताना दुधातून जातं. पहिल्या मुलाला सगळ्यांत जास्त, कारण आईच्या अंगात तोवरचं सगळं साठलेलं असतं.

अंगणात म्हैस कडबा ओढत होती त्याचा आवाज येत होता. मग म्हणालात, "म्हणजे मी माह्या अंगातलं पोरीच्या अंगात रिकामं केलं?"

सुरेशचं नाव घेतलं नाहीत तुम्ही. पहिला तर तोच. तुम्ही म्हणालात, पोरीच्या.

मी घाईघाईनं काय काय बोलले. सगळ्याच आयांच्या दुधात असतं, माझ्याही असतं, मी पाजलं असतं तरी गेलंच असतं, त्यानं नक्की काय होतं ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही, आणि एवढं असूनही बाळाला आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही. सगळं खरं होतं. पण तुम्ही ऐकत नव्हतात. तुम्ही स्वतःच्या हातांकडे बघत होतात. मग उठून म्हणालात, "चहा ठेवते."

त्या वर्षी दिवाळीला तूप आलं नाही. त्यानंतर कधीच आलं नाही.

मला वाटलं, रुसलात. म्हटलं, रुसा. खरं बोलल्याचा राग येत असेल तर येऊ द्या. मी पण काही कमी हेकट नाही. लग्नकार्यात भेटलो, बोललो, हसलो, एकमेकींच्या ताटात वाढलं, पण त्या रविवाराकडे दोघींनीही परत वळून पाहिलं नाही. बेस्याहून बाकी सगळं येत राहिलं. सीताफळं यायची, संत्री यायची, वांगी, वालाच्या शेंगा, ज्वारीच्या लाह्या, हुरडा. मी ते घ्यायची आणि मनात म्हणायची, बघा, एवढं पाठवतात पण तूप मात्र हट्टानं नाही पाठवत.

परवा बरणीपुढे बसले असताना माझ्या टाळक्यात उजेड पडला. सीताफळ, संत्री, वांगी, लाह्या. त्यात एकही स्निग्ध पदार्थ नव्हता. करंज्या तुमच्या हातच्या नंदाला एवढ्या आवडायच्या, त्यासुद्धा बंद झाल्या होत्या, त्या तुपात तळायच्या म्हणून. तुम्ही रुसला नव्हतात. तुम्ही माझा शब्द पाळत होतात, तोही माझ्यापेक्षा जास्त कडकपणे, कारण मी तर बाजारातून तूप आणून वरणभातावर वाढतच होते. लेखणी ज्या तुपाला टेकडी काढायची तेच तूप. नाहीतर खायचं काय? हवा?

मग प्रश्न असा, की ज्या बाईनं इतकी वर्षं माझ्या पोरीच्या तोंडात आपल्या हातच्या तुपाचा थेंब जाऊ दिला नाही, तिनं मरता मरता बाळंतपणासाठी तूप का करावं? आणि केलंच तर अर्धं का? मी सुरेशला पुन्हा बोलावलं. खापरखेड्याच्या वीजघरात त्याची पाळी असते, ती संपवून तो दमून आला. मी चहा दिला आणि विचारलं.

"तुमाले नाई सांगितलं तिनं?" तो म्हणाला. "नंदाले दिवस गेल्याचं कळलं नं, तेवापासून आईनं धाकटी म्हैस वेगळी बांधली. थे चांदी. पावडर तर आईनं कधीचीच बंद केली होती, पर चांदीची सरकी बी बंद, ढेप बी बंद. धुऱ्यावरचं गवत कापून आणे, जिथं फवारणी नाई थिथलं. अन् तुरीचं कुटार. पावसाळ्यात गोचीड हातानं काढत बसे. बाबा बोंबलून राह्यले होते का दूध आटून राह्यलं, फॅट लागून नाई राह्यलं, म्हैस वाळून राह्यली. सगळं गाव हासे."

"मग?"

"मंग काय? साय येतच नोती. वाटीभर लोणी निघायले आठ-आठ दिवस लागत. दसऱ्याले आई बिमार पडली, तरी पडल्या पडल्या कढवून घे माह्या बायकोजवळून. बरनी भरलीच नाई. मी म्हटलं, दुसऱ्या म्हशीचं टाक नं वरतून, भरून जाईन. तर मले काठी घेऊन मारायले उठली, उठवत नोतं तरी."

सुरेश हे सांगून हसला आणि मग त्याला हुंदका आला. मलाही. तुम्ही गेल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा नीट रडले.

दवाखान्यातली तुमची शेवटची गोष्ट मला तेव्हा आठवली. तुमचं अंग वाळून खाटेला टेकलं होतं. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या. तुम्ही माझं बोट धरून म्हणालात, "सुमन, आता माही चरबी तर गेली सारी. मंग थे पाहुने कुठं गेले असन?" मी म्हटलं, असलं काही बोलू नका, डोळे मिटून पडा. मला खरं उत्तर ठाऊक होतं. चरबी वितळली की ते रक्तात परत येतं, पुन्हा सगळ्या अंगात फिरतं. उपासात, आजारपणात, म्हणजे माणूस आधीच अशक्त असताना. मी त्या दिवशी खरं बोलले नाही. ओसरीवर खरं बोलले आणि दवाखान्यात नाही, यातलं कोणतं बरोबर होतं ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला मात्र बहुतेक उत्तर हवंच नव्हतं. तुम्ही चिडवत होतात. किंवा नसालही.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, यकृताचा हा आजार कशानं झाला असेल. इतकी वर्षं ती पावडर हाताळली, त्यानं? ते म्हणाले, बाई, असं सांगता येत नाही. गावात पावडर न हाताळलेलं कोणी आहे का? नव्हतं. मग तुम्हालाच का? आणि भाऊजी ठणठणीत का? सुरेशला काही का झालं नाही? नंदाला पुढे काही होणार आहे का? मी या विषयाची पगारी जाणकार, आणि यातल्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. थेंब टाकला की टेकडी किती उंच ते मला सांगता येतं. त्या टेकडीखाली कोण आहे, ते नाही.

आता तुम्ही रागवाल. मी चमचाभर तूप प्रयोगशाळेत नेलं. मला राहवलं नाही. औषधात विरघळवलं, गाळलं, थेंब सोडला आणि लेखणीकडे बघत उभी राहिले. देवाला हात जोडावेत असं कधी मला कामाच्या जागी वाटलं नव्हतं, त्या दिवशी वाटलं. सरळ जा गं बाई, एकदा तरी सरळ जा.

होतं, वहिनी. बाजारच्या तुपापेक्षा कितीतरी कमी, तुमच्याच जुन्या तुपाची टेकडी आठवली तर ही म्हणजे ढेकूळ. पण होतं. चांदीच्या अंगातही आधीचं साठलेलं असणारच. तिनं आधी सरकी खाल्लीच होती, तिच्या आईचं दूध प्यालीच होती. आणि तुम्ही तिला उपाशी ठेवून वाळवलीत, म्हणजे तिची चरबीही वितळली असणार. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा सूप खाली ठेवून मला बह्याड म्हणाला असतात, आणि ते मला आत्ता हवं आहे.

घरी आले तर नंदा बरणी मांडीवर घेऊन बसली होती. नववा महिना लागला आहे, पाय सुजले आहेत. तिला सगळं ठाऊक आहे, घरात माझं बोलणं ऐकतच ती वाढली. म्हणाली, "आई, लाडू कधी करतेस?"

मी तिला खरं सांगितलं. कमी आहे, पण आहे.

"मी बाळाला अंगावर पाजू का नको?"

"पाज. पाजायचंच."

"माझ्या दुधात आहे का नाही?"

"आहे. असणारच."

"त्यातलं थोडं मोठीआईचं असेल?"

तुम्हाला ती अजून मोठीआईच म्हणते. असेल म्हटलं. काही वर्षांनी अर्धं होतं, मग आणखी अर्धं, पण पुसून जात नाही.

नंदा थोडा वेळ बरणीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मग मोठीआई माझ्या बाळापर्यंत पोचणार म्हणायची," ती म्हणाली. हसून म्हणाली. मला हसावं की त्या यंत्रावर डोकं आपटावं कळेना. मी रागावले तिच्यावर, असल्या गोष्टींची थट्टा करतात का म्हणून. मग आत जाऊन डिंक काढला, खारका फोडायला घेतल्या.

लाडू झाले काल. तुम्ही करायचात तसे नाहीत, डिंक थोडा जास्त फुलला. सगळं तूप त्यात लागलं. मी दुसरं तूप वरून घातलं नाही, लाडू कमी झाले तर झाले.

ओसरीवर तुम्ही मला जे विचारलं होतंत त्याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. आज सुचतंय ते धड उत्तर नाही, तरी सांगते. हो वहिनी, तुमच्या अंगातलं माझ्या पोरीच्या अंगात गेलं. विष गेलं असेल. पण त्या दुधाशिवाय नंदा राहिलीच नसती, विष घ्यायलाही नाही. दोन्ही एकाच घोटात गेलं आणि वेगळं काढायचं यंत्र माझ्याकडे नाही. मला पुन्हा तसाच टायफॉइड झाला तर मी पुन्हा तुमचीच वाट बघेन. तुम्ही रिक्षातून उतरावं आणि चपला काढाव्यात.

बरणी धुऊन खिडकीत पालथी घातली आहे. राखेनं घासली, लिंबानं घासली, कढत पाणी ओतलं, तरी आतून बोट फिरवलं की अजून ओशट लागते. रविवारी सुरेश ती न्यायला येणार आहे. रिकामी पाठवायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. शेंगदाण्यावर फवारणी असते, धान्याच्या कोठीत पावडर असते, गुळाचं मी अजून तपासलेलं नाही. सकाळपासून स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडून बघितले.

वहिनी, बरणीत काय भरू? हवा?